शाश्वत विकास शिकायचा तर आधी भांडण समजून घ्या

पर्यावरण विषय घेतलेली किंवा एमपीएससीच्या तयारीसाठी नाशकात आलेली मुलं भेटतात, तेव्हा बहुतेकांच्या वहीत एक ठरलेला तक्ता असतो : १९७२ स्टॉकहोम, १९८७ ब्रुंटलँड, १९९२ रिओ, २००२ जोहान्सबर्ग, २०१५ सतरा उद्दिष्टं. शाश्वत विकासावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदा, अहवाल आणि उद्दिष्टं यांचा हा तक्ता बरोबर आहे. मीही कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत तोच घोकला, त्यावर मार्कही मिळाले. पण एक परिषद झाल्यावर दुसरी का भरवावी लागली, हे तक्ता सांगत नाही. माझ्या मते हा सगळा इतिहास म्हणजे एक लांबलेलं भांडण आहे : निसर्ग वाचवायला आपल्या विकासाला आवर घालायचा तो कोणी?

स्टॉकहोमला श्रीमंत देशांना धुराची आणि वाढत्या लोकसंख्येची काळजी होती. गरीब देशांना वाटलं, आपला विकास आता कुठे सुरू होतोय, तर हे कुंपण घालायला निघाले. यजमान स्वीडनचे ओलॉफ पाल्मे सोडले तर तिथे गेलेल्या एकमेव पंतप्रधान इंदिरा गांधी. गरिबी आणि गरज हीच सर्वांत मोठी प्रदूषकं नाहीत का, असा त्यांचा सवाल होता. ते भाषण अख्खं वाचा. त्यानंतर आपल्याकडे १९७४ चा जलप्रदूषण कायदा आला आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचं रक्षण राज्यावर सोपवणारं कलम ४८ अ आलं.

पुढचा टप्पा ब्रुंटलँड आयोगाचा, म्हणजे नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा, आणि इथे मात्र घाई करू नका. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, ही शाश्वत विकासाची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. अहवालात तिच्या लगेच खाली दोन मुद्दे आहेत, ते गाईडमध्ये सहसा सापडत नाहीत. पहिला : गरजा म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या गरजा, त्यांना सर्वांत आधी प्राधान्य. दुसरा : मर्यादा. आणि या मर्यादा केवळ निसर्गाच्या नाहीत. तंत्रज्ञान कसं आहे आणि समाजाची घडी कशी बसलीय, यावर त्या ठरतात, असं आयोग म्हणतो.

हा दुसरा मुद्दा मला पुस्तकात नीट उमगला नव्हता. बागलाणात पाणीवाटपाची जुनी फड पद्धत बघितली तेव्हा उमगला. मोसम, आरम या नद्यांवर बंधारे, त्यातून पाट, खालच्या शेताचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले आणि एका फडात सहसा एकच पीक. पाणी कमी पडलं की कोणता फड भिजवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाटकऱ्याने त्याप्रमाणे पाणी सोडायचं. नदीत पाणी तेवढंच, पण वाटपाचा नियम बदलला की टंचाईचा अर्थच बदलतो. दिंडोरीत वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थाही जाऊन बघा. उलट निफाडच्या द्राक्षबागांत ठिबकने एकरी पाणी वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी बाग लावली तर नदीच्या वाट्याला काय आलं? एवढ्या एका प्रश्नावर चांगला प्रकल्प अहवाल होऊ शकतो.

रिओत भांडणावर तोडगा निघाला, निदान कागदावर : जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. जाहीरनाम्यातलं सातवं तत्त्व ते हेच. हवामान आणि जैवविविधतेचे करारही तिथेच सह्यांसाठी खुले झाले. भारतात १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाश्वत विकास, सावधगिरी आणि ‘प्रदूषण करील तो भरपाई देईल’ ही तत्त्वं इथल्या कायद्याचा भाग मानली. परीक्षेत हा खटला लिहिणारे फार थोडे. जोहान्सबर्ग भराभर वाचलं तरी चालेल.

२००० सालची आठ सहस्रक उद्दिष्टं मुख्यतः गरीब देशांसाठी होती. २०१५ ची सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं सगळ्यांना लागू, नॉर्वेलाही आणि नायजेरियालाही. माझ्या लेखी खरा बदल हाच. त्यांखालची १६९ लक्ष्यं पाठ करत बसू नका, कोणी विचारत नाही.

वाचायची सुरुवात ब्रुंटलँड अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणापासून करा. व्याख्या तिथेच आहे. इंग्रजी जड वाटलं तर रोज दोन पानं पुरेत, समासात मराठीत सार लिहा. मग जवळचं एक ठिकाण धरा. निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वर उत्तम. ब्रिटिश काळात सिंचनासाठी बंधारा बांधला, गाळ साचून पाणथळ तयार झाली, पक्षी आले आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. तिथे शेतकरी, मासेमारी करणारे आणि दुर्बिणी घेऊन आलेले पाहुणे, तिघांनाही एकच विचारा : पाणी कमी झालं तर आधी कोणाचं तोडायचं? उत्तरं तारखेसह लिहून ठेवा, जमल्यास उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा. पुढे पर्यावरण सल्लागार कंपनीत किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात मुलाखतीला गेलात, तर मार्कशीटसोबत ती वहीही न्या.