कोलायटिस जुना झाला? आतड्याची तपासणी अशी आखा

"आता काही त्रास नाही, मग दुर्बीण कशाला?" माझ्या धाकट्या भावाने हेच विचारलं होतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा मोठ्या आतड्यातला क्रोन्स, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारे आजार असलेले बहुतेक जण हेच विचारतात. पण वर्षानुवर्षं सुजत राहिलेल्या आतड्याच्या अस्तरात पेशी हळूहळू बदलतात, आणि तो बदल दुखतही नाही. कर्करोग होण्याआधी तो सापडावा, यासाठी ही मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी.

आधी वर्षं मोजा. साधारण आठ वर्षांनी पहिली तपासणी करतात, आणि ही आठ वर्षं पहिल्या लक्षणापासून धरायची. आपल्याकडे इथेच गफलत होते. संडासात रक्त दिसलं की मूळव्याध समजून मलमं लावण्यात दोन-तीन वर्षं सहज जातात. भावाच्या फाईलवर निदानाचं साल 2016 होतं, पण बारावीच्या परीक्षेतच रक्त पडायला लागल्याचं आईला पक्कं आठवत होतं. म्हणजे 2013. घरातल्या मोठ्यांना जरूर विचारा.

मग जुने रिपोर्ट काढा आणि आजार कुठवर पसरला होता ते बघा. फक्त गुदाशयापुरता असेल तर कर्करोगाचा धोका फारसा वाढत नाही. पूर्ण मोठ्या आतड्यात असेल तर सर्वांत जास्त. आईवडील किंवा भावंडांत कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल, तर आठ वर्षं थांबायचंच नाही. पीएससीचं निदान झाल्यापासून दरवर्षी तपासणी. बाकीच्यांना धोक्यानुसार एक ते पाच वर्षांनी बोलावतात.

इंटरनेटवर तीस वर्षांत कर्करोगाचा धोका 18 टक्के हा आकडा दिसेल. तो 2001 मधल्या एका विश्लेषणातला आहे. नंतरच्या अभ्यासांत धोका बराच कमी दिसला, तेव्हा त्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका.

तारीख शक्यतो आजार शांत असताना घ्या. सूज असली की पेशी तशाही वेड्यावाकड्या दिसतात आणि अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं काम अवघड होतं. ही कोलायटिसची सर्व्हेलन्स (ठरावीक काळाने पाळत ठेवणारी) तपासणी आहे, हे नाव नोंदवतानाच स्पष्ट सांगा. अर्ध्या आतड्याची सिग्मॉइडोस्कोपी इथे पुरत नाही. रंग फवारून अस्तर बघण्याची सोय आहे का, तेही विचारा. इंडिगो कार्मिन किंवा मेथिलीन ब्लू या निळ्या रंगांमुळे सपाट डागही उठून दिसतात.

आता पोट साफ करणं. खरी परीक्षा हीच. लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारून घ्या. दोन-तीन दिवस साली, बिया, पालेभाज्या बंद. मऊ भात-दही चालतं. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप. कोकम सरबत आणि डाळिंबाचा रस मात्र नको, लाल रंग रक्तासारखा दिसतो. जुलाबाचं औषध अर्धं संध्याकाळी आणि अर्धं पहाटे घेतलं की आतडं जास्त स्वच्छ होतं. भाऊ पहाटे चारला नाक दाबून, गार करून, घोट घोट पीत होता. शौचाला पिवळसर, आरपार दिसणारं पाणी होऊ लागलं की जमलं. गाळ राहिला तर नेमका हवा तो डाग झाकला जातो.

आजार शांत आहे म्हणून मेसालामाइन (सूज आटोक्यात ठेवणारं औषध) किंवा दुसरं चालू औषध आपल्या मनाने सोडू नका. सूज आटोक्यात राहिली तर धोकाही कमी राहतो.

बायोप्सीच्या, म्हणजे अस्तराच्या काढलेल्या तुकड्यांच्या रिपोर्टवर 'डिस्प्लेसिया' (पेशींतला बदल) लिहिलं असेल, तर तो अजून कर्करोग नव्हे. तुकड्यांच्या त्याच काचा आतड्याच्या आजारांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. दिसणारी गाठ पुष्कळदा दुर्बिणीतूनच काढता येते. कधी कधी मोठं आतडं काढायचा सल्लाही मिळतो, त्यावर सर्जन आणि पोटविकारतज्ज्ञ दोघांशी बोला. रिपोर्ट स्वच्छ आला, तर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी पुढच्या तपासणीचं साल विचारून फाईलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत लिहा.