टायमिंग बेल्टचा ताण: दोन फेरे फिरवल्याशिवाय झाकण लावू नका

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा. तो बदलताना पुल्यांवरच्या खुणा जुळवायला सगळे जपतात, ताण मात्र अंदाजाने लावतात. बेल्ट सैल राहिला तर दाता सोडतो, आणि बऱ्याच इंजिनांत मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. फार आवळला तर टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) आणि वॉटर पंपाची बेअरिंग लवकर जातात.

आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो रात्रभर. तापलेलं इंजिन प्रसरण पावतं, पुल्यांमधलं अंतर किंचित वाढतं. तेव्हा लावलेला ताण गार झाल्यावर उतरतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पेट्रोल इंजिन असेल तर स्पार्क प्लगही काढा, क्रँक हलका फिरतो. खुणा जुळवून बेल्ट क्रँकच्या पुलीपासून चढवत जा. टेन्शनर नसलेली बाजू ताठ हवी, सगळा झोळ टेन्शनरकडेच यायला हवा.

काट्याचा टेन्शनर असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दिशेनेच तो फिरवून काटा खाचेसमोर आणा. खरी गडबड होते ती यापुढे. बोल्ट आवळताना टेन्शनरही त्याच्यासोबत केसभर सरकतो. म्हणून एका हाताने टेन्शनर फिरवायची ॲलन की घट्ट धरा, दुसऱ्या हाताने बोल्ट आवळा, आणि नजर काट्यावरून हलवू नका. हायड्रॉलिक टेन्शनरला दाबून ठेवणारी पिन मात्र बेल्ट पूर्ण बसल्यावरच ओढायची.

आता लॉकिंग पिना (पुल्या हलू नयेत म्हणून लावतात त्या) लावल्या असतील तर काढा आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्या दिशेने पूर्ण 2 फेरे द्या. क्रँकच्या 2 फेऱ्यांत कॅमचा 1 फेरा होतो, तेव्हाच खुणा पुन्हा समोरासमोर येतात. कॅमच्या बोल्टने कधीच फिरवू नका. मध्ये कुठे अडलं तर जोर न लावता थांबा, व्हॉल्व्ह टेकला असू शकतो.

नवा बेल्ट या फेऱ्यांत दात्यांमध्ये नीट बसतो, त्यामुळे काटा खाचेवरून हललेला दिसला तर नवल नाही. बोल्ट सैल करा, ताण पुन्हा लावा, पुन्हा 2 फेरे. काटा जागेवर राहीपर्यंत हे करायचा कंटाळा करू नका. बेल्ट बोटांनी 90 अंश पिळून बघायची जुनी रीत ढोबळ आहे. मॅन्युअलमध्ये ताणाचा आकडा दिला असेल तर ताण मोजायचा गेजच लावा.

शेवटी टॉर्क रेंचने बोल्ट दिलेल्या मापाला आवळा, झाकण लावा, गाडी चालू करा. बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर बेल्ट जास्त ताणलेला असण्याची शक्यता आहे. लगेच बंद करा, गार होऊ द्या आणि झाकण पुन्हा उघडा.