काकाकुवाला वाटीत आयतं देऊ नका, शोधायला लावा

आमच्याकडे सांगलीत काकाकुवा आहे, सकाळी वाटी भरून ठेवली की पंधरा मिनिटांत खाऊन मोकळा आणि मग दिवसभर किंचाळणं नाहीतर स्वतःचीच पिसं उपटणं, छातीवर पार टक्कल पडलं होतं बिचाऱ्याच्या. डॉक्टरांनी आधी आजार नाही ना ते तपासलं (हे कराच), मग म्हणाले कंटाळलाय तो. लय हुशार पक्षी हा, व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की गॉफिन जातीचा काकाकुवा एकामागून एक पाच कुलपं उघडून काजू मिळवतो, मग आयत्या वाटीवर त्याचं मन कसं रमणार?

आता मक्याचं कणीस पाल्यासकट देते, मोड आलेले हरभरे साध्या कागदात गुंडाळते, पुठ्ठ्याच्या नळीत डाळिंबाची फोड घालून तोंडं दुमडते. पंज्यात कणीस धरून एकेक पात चोचीने सोलत बसतो, तास जातो. सुरुवातीला त्याच्यासमोरच सैल गुंडाळा, घट्ट केलं तर नाद सोडून देतो. पिन, चिकटपट्टी अजिबात नको. चॉकलेट, अॅव्होकॅडो तर विषच, आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी मरतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका.