इरकल घ्यायची तर आधी पदर उलटा करून बघा

माझ्या आजीची सगळी हयात इरकली लुगड्यात गेली. मळ्यात भांगलायला सुती, कार्याला रेशमी. पदर मात्र दोन्हींचा लालच, त्यावर पांढरी नक्षी. मी सहावारी इरकल नेसून शाळेत शिकवायला जाते. बरोबरच्या बाई खरेदीला निघाल्या की मला सोबत नेतात. तिथं मी त्यांना जे दाखवते, ते हे.

दुकानदार आधी काठ दाखवतो, तुम्ही पदर मागा आणि उलटा करा. कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला ही साडी विणतात तेव्हा अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा लावतात. दोन्हींचे धागे एकमेकांत फासे घालून जोडतात, त्याला 'तोपे तेणी' म्हणतात. हे प्रत्येक साडीला नव्यानं करावं लागतं. म्हणून पदर सुरू होतो तिथं आडवी, बारीक फाशांची ओळ बोटाला लागली पाहिजे. ती बोटाला नीट कळली नाही, तर शेवटची खूण बघा: पदराच्या टोकाचे सुटे धागे. अस्सल इरकलीत ते लाल असतात, कारण ताणाही लाल आणि बाणाही, म्हणजे आडवा धागाही. नकलेत अंगाचा हिरवा किंवा काळा धागा तसाच पदरातून पुढे गेलेला दिसतो आणि लाल रंग मळकट वाटतो. एवढं एकदा डोळ्यांत बसलं की हात लावायच्या आधीच कळायला लागतं.

काठाचं ज्याच्या त्याच्या आवडीवर. मला गोमीचा काठ आवडतो.

पदराचा ताणा रेशमी आहे की आर्ट सिल्कचा, हे मात्र विचारून घ्या. पुष्कळ साड्यांत आर्ट सिल्कच असतं, त्यात वावगं काही नाही, पण ते ओलं झालं की कच्चं पडतं. पदर पिळायचा नाही. पहिली दोन-तीन धुणी साडी एकटीच धुवा, थंड पाण्यात, रिठ्यानं. पदर वेगळा धरून आधी अंग धुवा, नाहीतर लाल रंग अंगावर उतरतो. लगेच सावलीत वाळवा. नेसताना जोडाच्या ओळीवर पिन टोचू नका. सगळा भार त्या फाशांवर असतो, एक तुटला की शेजारचे सैल होतात.

नऊवारी हवी असेल तर दुकानात समोर मोजून घ्या, सव्वाआठ मीटर भरली पाहिजे. चोळीला खण घ्या, तोही त्याच जिल्ह्यातला, गुळेदगुडचा. इरकलीवर दुसरं काही मला शोभताना दिसत नाही.

आजीच्या एका लुगड्याचं अंग पार विरलं होतं. पदर धड होता, तो मी जोडाच्या अलीकडे दोन बोटं ठेवून कापला आणि काळ्या सुती साडीला लावून घेतला. संक्रांतीला तीच नेसते.