वर्डप्रेसची साइट बांधून ग्राहकाच्या हाती कशी द्यावी

मी सांगलीत राहून वर्डप्रेस या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर साइट बांधते. ग्राहक आसपासचेच: पतसंस्था, हळद-बेदाण्याचे व्यापारी, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले कारागीर, आणि मला मनापासून आवडणारी गावोगावची सार्वजनिक वाचनालयं. या लोकांकडे संगणक विभाग नसतो. एखादा लिपिक किंवा ग्रंथपाल असतो, सचिव असतात आणि ऑफिसात एक फोन असतो. म्हणून मी माझ्या कामाला एकच कसोटी लावते. उद्या मी हे काम सोडलं, तर दुसऱ्या कुणालाही ही साइट न अडता पुढे चालवता आली पाहिजे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणालाही वापरता-बदलता येतो) ही मुभा देतंच, पण ती ग्राहकापर्यंत पोहोचते की नाही हे बांधणाऱ्याच्या हातात असतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना जे सांगते तेच इथे लिहिते. उदाहरण वाचनालयाचं घेते.

पहिल्या बैठकीत काय ठरवायचं

साइट कशी दिसावी हे नंतर विचारा. आधी विचारा, ती रोज कोण हाताळणार? "माझा पुतण्या बघेल की" असं उत्तर आलं तर पुतण्याला त्याच बैठकीत बोलवून घ्या, आणि ग्रंथपालांनाही बसवा. नव्या पुस्तकांची यादी, वार्षिक सभेची सूचना, वसंत व्याख्यानमालेचं वेळापत्रक हे सगळं शेवटी ग्रंथपालच चढवतात. त्यांना काय जमतं आणि कशाची भीती वाटते हे कळल्याशिवाय थीमकडे (साइटच्या दिसण्याच्या तयार साच्याकडे) वळू नका.

डोमेन (साइटचं नाव-पत्ता) संस्थेच्या नावावर, संस्थेच्या खात्यातून पैसे भरून घ्या. स्वतःच्या नावावर घेऊन "मी बघते सगळं" म्हणणं सोपं असतं, पण मग संस्थेचा पत्ता तुमच्या खिशात राहतो. नोंदणीला दिलेला ईमेल कुणीतरी खरोखर उघडत असला पाहिजे. डॉट कॉमसारखं डोमेन घेतल्यावर पडताळणीचा मेल येतो आणि १५ दिवसांत तो मान्य केला नाही तर डोमेन थांबवलं जातं. नूतनीकरणाच्या सूचनाही तिथेच येतात. म्हणून संस्थेचा एक स्वतंत्र ईमेल काढून द्या. सचिव बदलले तरी तो बदलायची वेळ येऊ नये. होस्टिंगचं (साइट ठेवायच्या सर्व्हरवरच्या भाड्याच्या जागेचं) बिलही थेट संस्थेच्या नावे.

कोटेशनमध्ये तीन रकमा वेगळ्या लिहा: डोमेन-होस्टिंगचा वार्षिक खर्च, बांधणीचा मोबदला, आणि वर्षाची देखभाल. वर्डप्रेसच्या नावापुढे रक्कम लिहू नका. ते कुणालाही उतरवून घेता येतं, तुम्ही पैसे तुमच्या कामाचे घेता. हे स्पष्ट सांगितलं की लोक कामाचे पैसे कमी घासाघीस करून देतात असा माझा अनुभव आहे. अर्धी रक्कम आधी घ्या.

"पण ही कंपनी बंद पडली तर?" हा प्रश्न पतसंस्थेत हमखास येतो, आणि तो योग्य आहे. तेव्हा मी वर्डप्रेसच्या जन्माची हकीकत सांगते. बी-टू नावाचं ब्लॉग लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर होतं. त्याचा मूळ कर्ता मिशेल वाल्ड्रिघी त्यातून बाजूला झाला आणि काम थंडावलं. ते जीपीएल परवान्याखाली (जो कोड कुणालाही वापरू, बदलू आणि पुढे देऊ देतो) असल्यामुळे मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी त्याच कोडवरून पुढे काम सुरू केलं आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेस बाहेर आलं. कर्ता गेला, काम राहिलं. तोच परवाना आजही लागू आहे, त्यामुळे तुमच्या साइटचा कोड तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. एवढं ऐकल्यावर चेअरमन साहेबांची शंका बहुधा मिटते.

ड्रुपल हे साइट बांधण्याचं दुसरं सॉफ्टवेअरही मुक्तस्रोत आणि दणकट आहे, मोठ्या कामाला मी त्याचं नाव सुचवते. पण त्याच्या सातव्या आवृत्तीचा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि सातवरून पुढे जाणं म्हणजे जवळजवळ नव्यानं बांधणं होतं. वाचनालयाला तो खर्च झेपत नाही.

मराठी मजकूर: इथे घाई करू नका

वाचनालयाचा मजकूर येतो तो बहुतेकदा छापखान्यातून. स्मरणिका श्रीलिपी नाहीतर आयएसएम या टंकन-सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये लावलेली असते, आणि कॉपी करून चिकटवली की रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. जुन्या फाँटचं युनिकोड (आज सगळीकडे चालणारे अक्षर-संकेत) करून देणारा कन्व्हर्टर वापरा, पण त्याचं काम झालं की तुमचं सुरू होतं. जुने फाँट अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवतात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडचा क्रम उच्चाराचा, त्यामुळे वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा र आधी येतो. चुका नेमक्या या उलथापालथीत होतात. 'स्थिती', 'कीर्ती', 'निर्मिती', 'वर्षपूर्ती' अशा शब्दांवर नजर ठेवून वाचा. मग देणगीदारांची नावं एकेक करून मूळ कागदाशी ताडून पाहा. वाचनालयाला खोली बांधून देणाऱ्या माणसाच्या आडनावातला रफार हरवला, तर त्याच्या घरच्यांना ते लागतं.

दुसरी अडचण 'ऱ्य'ची. 'दौऱ्यावर', 'वाऱ्याची', 'कोऱ्या' हे शब्द दोन तऱ्हांनी टंकित होतात. कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतो, कुणाचा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साइटच्या शोधपेटीत एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. वाचनालयाच्या यादीत हे फार महाग पडतं, कारण वाचक पुस्तकाचं नाव टाकून बघतो आणि "नाही वाटतं" म्हणून निघून जातो. एक रूप ठरवा. मी नुक्त्याचा ऱ ठेवते. सगळा मजकूर चढवून झाला की डब्ल्यूपी-सीएलआय या आदेश टाइप करून वर्डप्रेस हाताळायच्या साधनाच्या सर्च-रिप्लेस आदेशाने डेटाबेसभर तेच रूप करून घ्या. आधी ड्राय-रन चालवा, म्हणजे किती ठिकाणी बदल होणार ते कळतं. थेट एसक्यूएलने (डेटाबेसच्या भाषेत) बदल करायला जाऊ नका. प्लगिनांची (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरांची) पुष्कळ माहिती लांबीच्या आकड्यासकट साठवलेली असते, आकडा चुकला की ती वाचलीच जात नाही. सर्च-रिप्लेस तो आकडा सांभाळतं.

तिसरी गोष्ट पत्त्याची. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्याच शब्दांचा दुवा बनवतं, पण साठवताना देवनागरीचं एकेक चिन्ह टक्केवाल्या संकेतात लिहितं. एका चिन्हाला नऊ जागा लागतात आणि एकूण मर्यादा २०० जागांची आहे. म्हणजे काना-मात्रा-अनुस्वार धरून जेमतेम २२ चिन्हं, पुढचं कापलं जातं. 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना' एवढंही बसत नाही. वर तो दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्यांची लांबलचक माळ दिसते आणि सभासद ती फसवणूक समजून उघडत नाहीत. म्हणून प्रत्येक पानाचा दुवा रोमन अक्षरांत, छोटा, हातानं लिहा, आणि ग्रंथपालांनाही तेच शिकवा. एकदा वाटलेला दुवा बदलू नका. पोस्टच्या जुन्या दुव्यावरून वर्डप्रेस आपोआप नव्यावर नेतं, पेजच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. तिथे जुन्या दुव्यावरून नव्याकडे वळवणारा रीडायरेक्ट स्वतः लावा. फोटोंच्या फाइलींची नावंही रोमनच ठेवा, होस्टिंग बदलताना त्रास वाचतो.

दिसण्याबद्दल. परदेशी थीमच्या शीर्षकांना अक्षरांतलं अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीला ते शोभतं, मराठीत शिरोरेघ तुटते. लेटर-स्पेसिंग शून्य करा. ओळींमधलं अंतर फाँटच्या दीडपटीहून थोडं अधिक ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. साइटची भाषा सेटिंगमधून मराठी करा. त्यामुळे पानाच्या कोडमध्ये मराठीचा संकेत जातो आणि नोटो सान्स देवनागरीसारखे फाँट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतात. फाँट मुक्त परवान्याचाच घ्या. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता मला लहान मोबाइलवर सर्वांत वाचनीय वाटतो. फाँटची सगळी वजनं (जाडीचे प्रकार) भरू नका, साधं आणि ठळक पुरे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइली आधीच जड असतात. फाँट स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवा. ब्लॉक थीम (जिची सगळी मांडणी ब्लॉक जोडून बदलता येते) असेल तर ६.५ आवृत्तीपासून आलेली फाँट लायब्ररी हे काम करून देते.

थीममध्ये लेखाचा सारांश कुठे कापला जातो तेही बघा. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीचं साधं सबस्ट्र बाइट मोजून कापतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं, त्यामुळे शेवटी चौकोनी ठिपका उमटतो. तिथे शब्द मोजून कापणारं डब्ल्यूपी-ट्रिम-वर्ड्स वापरा.

थीम, प्लगिन आणि फुकटचा मोह

थीममध्ये थेट बदल करू नका, तिच्यावर बेतलेली वेगळी चाइल्ड थीम बनवा. प्लगिन घेताना शेवटचा बदल कधीचा आहे आणि मदतीच्या प्रश्नांना उत्तरं मिळतात का, ही दोन ठिकाणं पाहा. वाचनालयाला संपर्काचा फॉर्म, बॅकअप, कॅश (साइट लवकर उघडावी म्हणून ठेवलेली पानांची तयार प्रत) आणि पुस्तकांची यादी एवढ्यावर भागतं. जे काम दहा ओळींच्या कोडनं होतं त्याला प्लगिन लावू नका.

पैशाच्या थीमची क्रॅक प्रत टेलिग्रामवर मिळते. जीपीएलखालचा कोड पुढे देणं परवान्यात बसतं हे खरं, पण त्या प्रतीत कुणी काय मिसळलंय हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि सुरक्षेचे बदलही मिळत नाहीत. संस्थेच्या साइटवरून जुगाराच्या जाहिराती निघालेल्या मी पाहिल्या आहेत. ती साइट साफ करायला थीमच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त लागलं. ग्राहकाला पैसे भरायचे नसतील तर वर्डप्रेसबरोबर येणारी थीम घ्या. ती उत्तम असते.

बॅकअप आणि अपडेट

बॅकअप आपोआप, रोज, आणि संस्थेच्याच ड्राइव्हवर. त्याच होस्टिंगवर ठेवलेला बॅकअप सर्व्हर गेला की त्याच्याबरोबर जातो. दर तीन-चार महिन्यांनी तो आपल्या लॅपटॉपवर उभा करून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपचा मी हिशोबच धरत नाही.

बारीक सुरक्षा-अपडेट वर्डप्रेस ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून, स्वतःच चढवतं. ते बंद करू नका. मोठी आवृत्ती आली की आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) चढवा, फॉर्म भरून पाहा, पुस्तक शोधून पाहा, मग खऱ्या साइटवर. व्याख्यानमालेच्या आठवड्यात काहीही मोठं बदलू नका. पीएचपीची आवृत्तीही देखभालीच्या करारात लिहा, कारण ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला तरी त्यावर चालणाऱ्या साइट अजून भेटतात. एसएसएल, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट घ्या. त्याची मुदत महिन्यांचीच असते, तेव्हा नूतनीकरण आपोआप होतंय ना, हे एकदा डोळ्यांनी बघा.

कुठे मराठी भाषांतर खटकलं, एखाद्या बटणावर अगम्य शब्द दिसला, तर आपल्या साइटपुरता दुरुस्त करून थांबू नका. वर्डप्रेसच्या भाषांतराच्या साइटवर खातं उघडून नवा शब्द सुचवा. संपादकांनी तो मान्य केला की भाषापुडक्यातून सगळ्या मराठी साइटांवर पोहोचतो. शनिवारी तासभर मी यासाठी राखून ठेवते.

हाती देण्याचा दिवस

या दिवशी संस्थेला एक छापील कागद द्या: डोमेन कुठे, होस्टिंग कुठे, नूतनीकरणाची तारीख, बॅकअप कुठल्या ड्राइव्हवर, कोणते प्लगिन कशासाठी, चाइल्ड थीमचा कोड कुठे. पासवर्ड त्यावर लिहू नका, ते सचिवांसमोर बसून त्यांनाच ठरवू द्या. प्रशासकाचं खातं संस्थेच्या ईमेलवर, ग्रंथपालांना संपादकाचं, आणि तुमचं वेगळं. देखभाल संपली की तुमचं खातं त्यांना काढता यावं, ते कसं काढायचं हेही त्यांना करून दाखवा. काहींना हे विचित्र वाटतं. "ताई, तुम्हीच बघा की, आम्हाला काय कळतंय," म्हणतात. तरी दाखवा.

मग खुर्ची ग्रंथपालांना द्या आणि आपण बाजूला बसा. त्यांना पुढच्या सभेची सूचना लिहायला सांगा: शीर्षक, रोमन दुवा, मोबाइलवर काढलेला फोटो, प्रकाशित. माउसला हात लावू नका, अडल्या तरी तोंडानेच सांगा. जिथे त्या अडतील तिथे तुमच्या बांधणीत सुधारणा करा, एखादा नको असलेला मेनू लपवा, एखादा तयार नमुना करून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांना तीच सूचना तुमच्याशिवाय बदलायला सांगा. ती बदललेली साइटवर दिसली की उरलेल्या रकमेचं बिल पाठवा.