पहिल्यांदा केसांचे ट्विस्ट घालताय तर

ट्विस्ट म्हणजे बटेचे दोन भाग एकमेकावर पिळून केलेली दोरीसारखी वेणी; ते कुरळ्या केसावरच नीट टिकतात, सरळ असतील तर टोकाले रबर लावा. केस धुवून ओले असतानाच कंडिशनर लावून गुंता काढा, मंग एक बट घ्या, तिचे दोन भाग करा, दोन्हीले उजवीकडे पीळ द्या अन् एकमेकावर डावीकडे गुंडाळत न्या, दिशा उलटी असली तरच पीळ धरते, दोरी वळतो तसंच. मुळाशी ओढू नका बाई! टाळू दुखली, पुळ्या आल्या तर लगेच सोडा, असं ओढत राहिलं तर कपाळाजवळचे केस कायमचेही जाऊ शकतात. कापूस वेचाले जाताना वरून ओढणी, रात्री साटिनचं फडकं, सुती कापड ओलावा पिते. धुतले की पूर्ण वाळू द्या. दोनेक आठवड्यांनी सोडताना पुंजकाभर केस निघतात, ते रोजचेच गळलेले, आत अडकलेले असतात.