हाताने काढलेला मस्तीखोर फॉन्ट वापरायचाय? मग आधी 'मामा' लिहून बघा

फॉन्ट आवडला, डाउनलोड केला, मराठी टाइप केलं आणि दिसलं काय तर तीच नेहमीची सरळसोट अक्षरं! तुमचं काही चुकलेलं नाहीये, असल्या बऱ्याच फॉन्टमध्ये फक्त रोमन अक्षरं असतात, देवनागरी नसतेच, मग कॉम्प्युटर गुपचूप दुसरा फॉन्ट लावून मोकळा होतो. म्हणून नमुन्याच्या चित्रावर भाळू नका, जे छापायचंय तेच शब्द टाकून बघा, सोबत 'तऱ्हा', 'ॲप', 'बाळ', 'कृपा' पण टाका. तऱ्हामधला र विचित्र दिसला की तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. सुरुवातीला गूगल फॉन्ट्सवरचा कलम घ्या, हस्ताक्षरासारखा आहे, देवनागरी रोमन दोन्ही आहे आणि फुकट आहे.

आता 'मामा' लिहा. दोन्ही म अगदी सारखे, तोच बाक, तीच वाकडी शेपटी, म्हणजे हाताने काढल्याची सगळी मजा गेली. काही फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं असतात, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनटाइप सेटिंग (म्हणजे फॉन्टच्या जादा सोयी) असतं, त्यात पर्यायी अक्षरं चालू करून बघा, नसतील तर एक म आउटलाइन करून, म्हणजे अक्षराचं चित्र करून (मग ते टाइप करून बदलता येत नाही), हातानेच थोडा बदला, पाच मिनिटांचं काम आहे.

रोमन अक्षरं वरखाली नाचवली तर गोड दिसतात पण देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी तेच. त्यापेक्षा अख्खा शब्द जरासा तिरका करा. आणि दोन ओळींत जागा सोडा हो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

वापर कुठे? मुलांच्या पुस्तकाचं कव्हर, पोस्टर, स्टिकर, शुभेच्छापत्र, म्हणजे जिथे चारपाच शब्द आणि मोठा साईज आहे तिथे. परिच्छेद यात लावू नका. मी एकदा कार्डावरचा पत्तासुद्धा यातच टाकला, १ आणि ९ जुळे भाऊ दिसत होते, मग काय, दिवसभर फोन! तेव्हापासून तारीख, पत्ता, नंबर साध्या फॉन्टमध्येच. कॉमिक सॅन्स या फॉन्टचं बघा ना, १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिन्सेंट कॉनेर या डिझायनरने तो कार्टूनच्या बोलण्याच्या फुग्यांसाठी काढला होता, लोकांनी ऑफिसच्या नोटिसा त्यात लावल्या आणि शिव्या मात्र फॉन्टने खाल्ल्या.

लायसन्स वाचा, 'पर्सनल यूज' असेल तर विकायच्या वस्तूवर चालत नाही. प्रेसला फाइल देताना अक्षरं आउटलाइन करून द्या, पण आउटलाइन न केलेली कॉपी स्वतःकडे ठेवा, कारण शुद्धलेखनाची चूक हमखास त्यानंतरच सापडते.